लिटर गुणिले ०.८९

रविवार, १९ जानेवारी

हललं एकदाचं मीटर! तीन महिने आमच्या फिटर देवानंदच्या मागे लागलो होतो. दर चार दिवसांनी ते अडकायचं, आतलं रबर शिजून निघायचं, आणि मग मी बॉयलरपाशी उभा राहून अंदाजपंचे आकडे लिहायचे. शिजणार नाही तर काय? टाकीतून फर्नेस ऑइल येतं, हीटरमध्ये शंभराच्या वर तापतं, आणि ते उकळतं तेल मीटरमधून बर्नरला जातं. आज रविवार, मिल बंद. देवानंदने तासाभरात मीटर काढून हीटरच्या अलीकडे लावलं. तिथे तेल साठ अंशांचं असतं. मीटरलाही बरं, मलाही बरं.

मी विचारलं, "लाइन खोलाचं परमिट काढलं का बे?"

"रविवारी कोन देते परमिट? उद्या करतो ना रीतसर कागद. तू लॉगबुकात आताच काई लिहू नको."

नाही लिहिलं. म्हणून इथे लिहितो. ही वहीसुद्धा मिलचंच जुनं, कोरं राहिलेलं लॉगबुक आहे – वेळ, प्रेशर, पाण्याची पातळी असे रकाने. त्या रकान्यांवरून मी आडवा लिहितो. दीपमाला हसते. म्हणते, "घरीबी बॉयलरच चालवून राह्यले का?" हसू दे. सतरा वर्षं दर तासाला काहीतरी लिहायची सवय लागली की हात घरी गप्प बसत नाही.

बुधवार, २२ जानेवारी

मीटर लोण्यासारखं चाललंय. एकदाही अडकलं नाही. देवानंदचा कागद मात्र नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला.

रविवार, २६ जानेवारी

मिलमध्ये झेंडावंदन. दोन-दोन जिलब्या. देवानंदने माझीही एक उचलली. कागदाचं काढलं तर म्हणाला, "गोडाच्या टायमाले कडू काऊन बोलून राह्यला बे?" याच्यावर रागावणं जमत नाही. आयटीआयपासून जमलेलं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

महिनाअखेरीचा हिशोब लागला आणि तेल कमी निघालं. सव्वाआठशे किलो!

प्राची मॅडमने सांगितलं. नाशिकच्या आहेत, दिवाळीनंतर आल्या, बॉयलर आणि वीज दोन्ही त्यांच्याकडे. बोलतात हळू, पण आकडे पाहताना चष्म्यावरून बघतात. टँकर वजनकाट्यावर किलोत येतो. मीटर लिटर दाखवतं. म्हणून रोजच्या लिटरचे किलो करायचे. त्यासाठी बॉयलर हाऊसच्या भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलंय – लिटर × ०.८९ = किलो. आमचे जुने फोरमन भाऊराव यांनी रंगवलेलं, मी लागलो त्याच वर्षी. तेव्हापासून मी रोज तोच गुणाकार करतो. कुणी विचारलं नाही की ०.८९ च का. मीही नाही. भिंतीवर पेंटने लिहिलेल्या गोष्टीला कोण शंका विचारतो?

आलेल्या तेलातून जळालेलं वजा केलं तर टाकीत जेवढं उरायला हवं, तेवढं नाही. मॅनेजर साहेब म्हणाले, "अश्वजित, तेलाला काय पंख फुटले?" मीही हसलो. टँकरवाल्याचं काम असणार. उद्यापासून मॅडम रोज सकाळी टाकीत पट्टी घालून मोजणार आहेत. मोजू द्या. चोर सापडलाच पाहिजे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रोज पंचाहत्तर किलो कमी. रोज! टँकर आलेला नसतानाही. म्हणजे टँकरवाला सुटला. म्हणजे आतलाच कुणीतरी.

आज सुटताना गेटवर माझी डब्याची पिशवी तपासली. वॉचमनने डबा उघडून वास घेतला. फर्नेस ऑइल म्हणजे काळं डांबर! ते मी पोळीच्या डब्यात घालून नेणार? त्याला म्हटलं, "बोट घालून पाय, भरीत हाय." मेला लाजला नाही, हसला पण नाही.

टाकीच्या खालच्या कॉकला कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला. फक्त माझ्या. आज पहिल्यांदा ती जड लागली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

देवानंद म्हणाला, "लोकं तुह्याकडंच पाहून राह्यले गड्या." मी म्हणालो, पाहू दे. जेवण गेलं नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी – देऊळघाट

कालपासून रजेवर. दीपमालाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न. बोथ्याच्या घाटात बसमध्ये दीपमालाने खांद्यावर डोकं टाकून झोप काढली, मी मात्र पंचाहत्तर पंचाहत्तर करत होतो. इथे भाऊराव भेटले! निवृत्त होऊन इथेच राहतात. सत्तरी ओलांडली, पण काठी नाही, आवाज तसाच. मी सगळं सांगितलं, मीटर हलवल्याचंही. त्यांना काय लपवायचं!

ऐकून घेतलं आणि मला हात धरून आचाऱ्याकडे नेलं. मोठी कढई चढवली होती. म्हणाले, "पाय. थंडं तेल ओतलं तवा दोन बोटं खाली होतं. आता काठाले आलं. कोनं वरून टाकलं का?"

"नाई."

"मंग? वजन तेच, जागा जास्त. तापलं का तेल फुगते. लिटरभर तापल्या तेलात कमी तेल असते बे, लिटरभर थंड्यात जास्त. म्या थो आकडा काढला तवा हीटरच्या पुढचं तापलेलं तेल पाच लिटरच्या मापात घेऊन काट्यावर ठिवलं होतं. चार किलो साडेचारशे भरलं. पाचानं भाग दे."

०.८९!

"थो आकडा तेलाचा नाई, थ्या जाग्याचा हाय. तुमी मीटर अलीकडं आनलं अन् आकडा तोच ठिवला? वा रे पठ्ठेहो! अलीकडं ब्याण्णव भरन."

मला तिथेच घाम फुटला. आनंदाने! म्हणजे चोरीच नाही. चोरच नाही! आचारी म्हणाला, भाऊ सरका, भजी सोडायची आहेत.

रविवार, १६ फेब्रुवारी – घरी

आल्या आल्या कागद घेतला.

मीटर दिवसाला २५०० लिटर दाखवतं.
२५०० × ०.८९ = २२२५. आम्ही हे लिहितो.
२५०० × ०.९२ = २३००. खरं जळतं हे.
फरक ७५.

तंतोतंत ७५! मी टाळी वाजवली. दीपमाला पीठ मळता मळता बाहेर आली. तिला कढईचं सांगितलं, मग मीटरचं. तिला पटकन समजलं – रोज तेल तापवणारी बाई, तिला काय सांगायचं! म्हणाली, "मंग आता कसं कराचं?"

मी म्हणालो, सोपं आहे. भिंतीवरचा आकडा बदलायचा, नाहीतर मीटर परत न्यायचं. पुढचं वाक्य लिहून खाली रेघ ओढतो, कारण आठ दिवसांनी आज छातीवरचा दगड उतरलाय – मीटर होतं त्या जागी गेलं, की हिशोब आपोआप जुळतो.

सोमवार, १७ फेब्रुवारी

देवानंदला चहाच्या टपरीवर गाठलं. कढई, पाच लिटर, पंचाहत्तर, सगळं सांगितलं. मला वाटलं उडी मारेल. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हंजे मले सांगा लागन का म्या बिना परमिट लाइन खोलली?"

खरंय. दोन वर्षांमागे एका फिटरने परमिट न काढता वाफेची लाइन उघडली होती. संध्याकाळपर्यंत तो गेटच्या बाहेर होता. तेव्हापासून मिलमध्ये परमिट म्हणजे परमिट. आणि देवानंदच्या घरात तो एकटा कमावता.

म्हणाला, "चार दिस दे. शुकरवारी म्याच सांगतो मॅडमले. मांडून सांगतो. तू मधात बोलू नको."

दिले चार दिवस. शब्द दिला. त्याने हातावर हात मारला. आता लिहिताना वाटतं की लगेच जायला हवं होतं मॅडमकडे. पण जो माणूस तुमच्या म्हणण्यावरून रविवारी पाना घेऊन आला, त्याला चार दिवस नाही म्हणायचं?

गुरुवार, २० फेब्रुवारी

मला सस्पेंड केलं.

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. "जवळजवळ दोन हजार किलो. अकरा ड्रम. किल्ली कुणाकडे असते?" मी किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी विचारलं, काही सांगायचंय का? मॅडमही बसल्या होत्या. सगळं जिभेवर होतं. मीटर, हीटर, कढई. पण आज गुरुवार. शब्द शुक्रवारचा. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

"उद्या?" ते हसले. "अजून गोष्ट जुळवायची आहे वाटतं. चौकशी होईपर्यंत गेटच्या आत यायचं नाही."

गेटवर वॉचमनने परत पिशवी पाहिली. या वेळी मी डबा उघडायला थांबलो नाही.

दीपमाला भडकली. "तुमच्या शब्दाले काय चाटाचं हाय? घर जाऊन राह्यलं अन् तुम्ही शब्द धरून बसले!" मी म्हणालो, एक दिवस. उद्या तो सांगतो. ती अंगणात गेली, बराच वेळ फोनवर बोलत होती. तिच्या आईशी असेल.

राखीला अकोल्याला कळवलं नाही. नर्सिंगची परीक्षा आहे तिची. बापाचं नाव चोर म्हणून कशाला घालायचं तिच्या कानात!

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दिवसभर फोन हातात. देवानंदचा नाही. मी केला – बंद.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बंद.

रविवार, २३ फेब्रुवारी

दीपमाला सकाळीच देवानंदच्या घरी गेली, पुष्पावहिनीला पापड लाटू लागायला. दोन तासांनी आली. विचारलं, तो होता का? म्हणाली, "होते." काही बोलला का? "काय बोलतीन?" हात धुवायला गेली ती बाहेरच आली नाही लवकर.

बस्स. माझा शब्द शुक्रवारी संपला. उद्या मी जातो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

कसं लिहू?

गेटवर लेखी अर्ज घेऊन गेलो. एकोणीस जानेवारीला मीटर हीटरच्या पुढून काढून अलीकडे लावलं, म्हणून आकडा चुकतोय, तपासा. प्राची मॅडम स्वतः गेटवर आल्या. वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हे तर अगदी सोपं स्पष्टीकरण आहे!" त्यांच्या तोंडावर उजेड पडला, खरंच. आत गेल्या. पाच मिनिटांत परत आल्या आणि चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "अश्वजित, मीटर हीटरच्या पुढेच आहे."

मी म्हटलं, शक्य नाही. वॉचमनला सोबत देऊन मला आत नेलं. चोराला नेतात तसं.

मीटर हीटरच्या पुढे होतं. जुन्या जागी. नवं गॅस्केट, बोल्ट पुसलेले, आणि अलीकडच्या पाइपवर जिथे महिनाभर मीटर होतं तिथे नवा तुकडा बसवून त्यावर चंदेरी रंग मारलेला. रंग नखाने खरवडला तर अजून ओला! मी ओरडलो – पहा, रंग ओला आहे! मॅनेजर साहेब म्हणाले, रविवारी सगळीकडेच रंगकाम झालंय. खरंच झालं होतं. रेलिंगवरही, शिडीवरही. किती हुशारी!

देवानंद तिथेच उभा होता. हातात पाना.

साहेबांनी विचारलं, "मीटर कधी हलवलं होतं का?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "नाई साहेब. मीटर हाय तिथंच होतं."

मी म्हणालो, "देवा, माह्याकडं पाहून सांग."

नाही पाहिलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही.

आयटीआयला एकाच खोलीत राहिलो. एका स्टोव्हवर दोघांचा भात. याच्या आईला खामगावच्या दवाखान्यात रक्त लागलं तेव्हा बाटली कुणी दिली? मिलमध्ये जागा निघाली तेव्हा भाऊरावांच्या पायाशी जाऊन "याले घ्या" म्हणून कोण बसलं? मी! आणि हा माझ्यामुळे बसवलेलं मीटर गुपचूप काढतो, जागा पुसतो, रंग मारतो! भिऊन गप्प बसला असता तर समजलं असतं. भितो माणूस. पण हा पाना घेऊन गेला. मोजून-मापून माझा पुरावा काढून नेला. आणि वरून नाही म्हणाला!

दीपमालाला म्हणालो, पुन्हा त्याच्या घरी पाय ठेवायचा नाही. पुष्पावहिनीशी बोलायचं नाही. तो माणूस नाही, साप आहे. ती म्हणाली, "एवढं नका बोलू त्याईले." तिलाही ओरडलो. पातेलं पडलं, भाजी सांडली. ती पुसत बसली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बसस्टँडवर समोरून आला. त्याने जयभीम केला. मी मान फिरवली. लोकांनी पाहिलं. पाहू दे. मग मागे वळून मोठ्याने म्हणालो, "खोट्याले कोन जयभीम करते!" तिघेचौघे मिलचेच होते.

तो तिथेच उभा राहिला फक्त.

सोमवार, ३ मार्च

वॉचमनकडून कळलं. चोवीस तारखेपासून तेल एक किलोही कमी पडलेलं नाही. मॅनेजर साहेब सगळ्यांना सांगतात – अश्वजित गेला, चोरी थांबली.

व्वा! मीटर जुन्या जागी गेलं, जुना आकडा बरोबर झाला, आणि मी चोर ठरलो. याहून पक्का पुरावा कुणाला करता आला नसता. देवा, तुला मानलं रे.

मंगळवार, ४ मार्च

थांब. थांब!

चोरी थांबली चोवीसला. मी गेलो वीसला. वीस, एकवीस, बावीस – या तीन दिवसांत किती कमी होतं? मी तर घरी होतो, किल्ली त्यांच्या टेबलावर होती!

आणि चौदा-पंधरा फेब्रुवारी? तेव्हा मी देऊळघाटला कढईपाशी उभा होतो, किल्ली माझ्या खिशात. त्या दोन दिवसांचं काय?

मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "पाहून सांगते."

बुधवार, ५ मार्च

मॅडमचा फोन. चौदाला पंचाहत्तर. पंधराला पंचाहत्तर. वीस, एकवीस, बावीस – पंचाहत्तर, पंचाहत्तर, पंचाहत्तर! साहेबांनी आठवड्याची बेरीज पाहिली होती, दिवस पाहिलेच नव्हते. आणि तेरा फेब्रुवारीला लाइट गेल्यामुळे अर्धाच दिवस बॉयलर चालला, त्या दिवशी साडेसदतीस.

मी म्हणालो, "मॅडम, जितकं जळलं तितक्याच प्रमाणात चोरणारा चोर कुठं पाहिला का?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

शुक्रवार, ७ मार्च

मॅडमनी स्वतः पाच लिटरचं माप घेतलं. हीटरच्या पुढचं तेल – चार किलो साडेचारशे. अलीकडचं – चार किलो सहाशे. भाऊरावांचा आकडा दशांशालाही चुकला नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मंग? म्या काय झोपेत रंगवलं होतं का?"

पण मॅडम म्हणतात, यावरून एवढंच ठरतं की मीटर हललं असतं तर तूट अशीच दिसली असती. हललं होतं हे कुणीतरी सांगायला हवं. देवानंदला त्यांनी पुन्हा विचारलं. तो नाहीच म्हणतो. नाहीतर त्या वेळचं काही लिहिलेलं हवं. लॉगबुकात काही आहे का?

लॉगबुकात नाही. मी फोन ठेवला आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिलच्या लॉगबुकात नाही. या लॉगबुकात आहे! एकोणीस जानेवारी. तारखेसकट, परमिटसकट, देवानंदच्या शब्दांसकट. दर पानावर मिलचा छापील नंबर आहे, मधलं पान घुसवलं असं कुणाला म्हणता येणार नाही.

सोमवारी दहा वाजता चौकशी आहे. ही वही मॅडमच्या हातात देणार.

शनिवार, ८ मार्च

दीपमालाला सांगितलं. वाटलं आनंदाने उडेल. ती कणीक मळत होती, हात तिथेच थांबले.

"वहीत सगळं लिहिलं का तुम्ही?"

"सगळं."

"मंग भाऊजीचं कसं?"

मी म्हणालो, जाऊ दे भाऊजी. बिना परमिट लाइन उघडली, एकदा नाही दोनदा. वर साहेबासमोर खोटं बोलला. संध्याकाळपर्यंत गेटच्या बाहेर असेल. असू दे! मी होतो ना सतरा दिवस बाहेर, त्याने एकदा तरी दार वाजवलं? मला आज बरं वाटतंय हे लपवणार नाही. सतरा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. ती जेवली नाही. ताटात बोटं फिरवत बसली. विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतं.

रविवार, ९ मार्च

सकाळी दीपमाला वहीजवळ येऊन बसली. म्हणाली, "आधी हे लिहा."

मला सस्पेंड केलं त्या गुरुवारी फोन तिने देवानंदला केला होता, आईला नाही. अंगणातून. तो म्हणत होता, उद्या सकाळीच मॅडमकडे जातो, माझं काही होवो. तिने नको म्हटलं. सांगितलं तर दोघांच्याही नोकऱ्या जातील म्हणाली. मग पापडाच्या निमित्ताने रविवारी त्याच्या घरी जाऊन पाय धरले – मीटर परत जागेवर लावा, आणि हललं होतं हे कुणालाही सांगू नका, ह्यांनाही नाही. तो नाही म्हणत होता. तिने त्याला राखीची शपथ घातली.

"मले वाटलं हिशोब जमला का साहेब बलावतीन तुमाले परत. अन् तुम्ही त्याईले शिव्या देऊन राह्यले, मंग सांगाची हिंमतच नाई झाली."

मी म्हणालो, तुला हे सुचवलं कुणी?

तिने माझ्या हातातून वही घेतली, पानं उलटली आणि सोळा फेब्रुवारी पुढ्यात ठेवला. शेवटची ओळ – मीटर होतं त्या जागी गेलं, की हिशोब आपोआप जुळतो. अक्षर माझं. खाली रेघही मीच ओढलेली.